लबारी

आमच्या घरी तिला सगळे आरंगहिन म्हणत. लग्न होऊन गावात आलेल्या बाईला तिच्या माहेरावरून हाक मारायची छत्तीसगढात रीत आहे. आरंगची ती आरंगहिन, दुर्गची ती दुरुगहिन. आम्ही मुलं तिला काकी म्हणायचो. तिचं खरं नाव मला ती गेल्यानंतर कळलं.

आमचं घर रायपूरच्या तात्यापाऱ्यात, जुन्या मराठी वस्तीत. पणजोबा नागपूरकडून तहसिलीत कारकून म्हणून आले आणि आजोबांच्या काळात घराला आरंगच्या बाजूच्या एका गावाची मालगुजारी चिकटली. १९५१ साली कायद्याने मालगुजारी गेली. थोडी शेती, पडका वाडा आणि धानाची कोठी तेवढी उरली. काकी त्या गावची. एका वर्षी धानाच्या गाड्यांबरोबर आली आणि आमच्या अंगणामागच्या खोलीत राहिली. अंगण सारवणं, धान पाखडणं, कोळसे फोडणं, चिंच सोलणं ही तिची कामं. स्वयंपाकघरात तिला येता यायचं नाही, कारण ती सतनामी होती. अंगणातल्या कोनाड्यात तिचा जर्मनचा पेला पालथा घातलेला असे आणि आई त्यात वरून पाणी ओतायची. त्या वयात मला यात काहीही विचित्र वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

नाटक-सिनेमाच्या चर्चेत ‘आशय कुणाचा, करणाऱ्याचा की बघणाऱ्याचा’ असा प्रश्न निघाला, की मोठमोठी नावं घेतली जातात. मला आठवते ती मात्र एका मैदानातली हिवाळ्याची रात्र, आणि त्या मैदानात कोण कुठे बसलं होतं ते.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. हबीब तनवीर ‘चरनदास चोर’ घेऊन आले होते. ते मूळचे रायपूरचेच. लॉरी शाळेत शिकलेले, मग नागपूरला मॉरिस कॉलेजात. बाबांना त्या मॉरिस कॉलेजचं कौतुक होतं, म्हणून आम्ही गेलो. बाबा नाटकवेडे खरे, पण त्यांचं नाटक म्हणजे मखमली पडदा, ऑर्गन, आणि श्वास रोखून बसलेला प्रेक्षक. गणपतीत एखादी मंडळी मुंबई-पुण्याहून आली की ते इस्त्रीचा कुडता घालून पहिल्या रांगेत. नाचा हा प्रकार त्यांच्या लेखी गावात रात्रभर चालणारा धिंगाणा होता. जोक्कर आणि परी, परी म्हणजे लुगडं नेसलेला बाप्या, गॅसबत्तीचा उजेड, आणि मधे मधे ओरडणारे लोक. आपल्याकडच्या तमाशातल्या सोंगाड्यावर पोट धरून हसणारा हा माणूस, तेच इथे छत्तीसगढीत आलं की नाक मुरडायचा. मला तेव्हा ते कळत नव्हतं. आता कळतं, आणि गंमतही वाटते.

आम्हाला समोर खुर्च्या मिळाल्या. काकी आमच्याबरोबरच आली होती, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. पण मैदानात शिरताच तिने त्याला आईच्या हाती दिलं आणि ती डाव्या अंगाला जमिनीवर बसलेल्या बायकांत जाऊन बसली. तिथे तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. तरी पाचच मिनिटांत ती तिथलीच होऊन गेली.

गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. मूळ राजस्थानी लोककथा, विजयदान देथांनी लिहिलेली. एक चोर थट्टेथट्टेत गुरूपुढे चार शपथा घेतो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राज्य घेणार नाही. यातलं काही त्याच्या वाट्याला येणार नाही, म्हणून तो मजेत आहे. गुरू त्याच्याकडून पाचवी घेतात, खोटं बोलणार नाही. पुढे एकेक करून चारही गोष्टी त्याच्यासमोर येऊन उभ्या राहतात. तो नाही म्हणत जातो. शेवटी राणी म्हणते, मी तुला लग्नाचं विचारलं हे कुणाला सांगू नकोस, एवढं वचन दे. तेही त्याला देता येत नाही. तो मारला जातो.

मधे एक प्रसंग आहे. दुष्काळ पडलाय, आणि मालगुजाराच्या घरी धानाची पोती रचलेली आहेत. एक उपाशी शेतकरी हात जोडून उभा आहे आणि मालगुजार त्याला हाकलतोय. चरनदास नाचगाण्याच्या गोंधळात तेच धान पळवून लोकांना वाटून टाकतो. तो मालगुजार बोलायला लागला, तशी डाव्या बाजूने हशाची अशी लाट उठली की मी घाबरून तिकडे बघितलं. काकी तोंडाला पदर लावून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारणीच्या मांडीवर थाप मारून काहीतरी सांगत होती. आणि नट, तो हशा ऐकून, सरळ त्या बाजूला वळला. आमच्याकडे पाठ करून पुढची चार वाक्यं तो त्यांच्याशीच बोलला.

“प्रेक्षकांकडे पाठ करून काय बोलतो हा!” बाबा म्हणाले.

पुढे पुष्कळ वर्षांनी हबीबसाहेबांचे अनुभव वाचले, तेव्हा ही पाठ मला परत भेटली. युरोपातून शिकून आल्यावर १९५८ साली त्यांनी छत्तीसगढचे सहा नाचा कलावंत दिल्लीला नेले आणि ‘मिट्टी की गाडी’त उभे केले. गावात रात्र गाजवणारी ही माणसं दिल्लीच्या तालमीत अवघडून गेली. कुठे उभं राहायचं, कोणत्या वाक्यावर कुठे सरकायचं, आणि बोलायचं ते हिंदीत. चूक कुठे होतेय हे कळायला त्यांना बरीच वर्षं लागली. नाचात प्रेक्षक तीन बाजूंनी असतो, आणि जिकडून दाद येईल तिकडे नट जातो. त्याला खडूने आखलेल्या खुणांवर उभं करणं म्हणजे त्याचे कानच बंद करणं. मग त्यांनी खुणा पुसल्या आणि भाषा कलावंतांची ठेवली. १९७३ साली रायपुरात नाचाचं शिबिर घेतलं, त्यातून ‘गांव के नांव ससुरार, मोर नांव दमाद’ आलं, आणि मागोमाग ‘चरनदास’. थोडक्यात, त्या रात्री नटाने प्रेक्षकांकडे पाठ केलेलीच नव्हती. प्रेक्षक कोण, याबद्दल बाबांचा आणि त्याचा मतभेद होता, इतकंच.

बाबा मालगुजाराच्या प्रसंगात एकदाही हसले नाहीत. आजी घरी होती ते बरं झालं.

शेवट मात्र मला अजून नीट सांगता येत नाही. चरनदास मेल्यावर त्याची पूजा होते, आणि सत्याची थोरवी गाणारं पंथी गाणं सुरू होतं. पंथी हे सतनामींचं. एकोणिसाव्या शतकात गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी ‘सतनाम’ सांगितलं, देवळाबिवळाची आणि जातीची गरज नाही म्हणून सांगितलं. त्यांना मानणाऱ्यांचा हा समाज. त्यांच्या वस्तीत जैतखांब असतो, पांढऱ्या निशाणाचा. १८ डिसेंबरच्या गुरू जयंतीला त्याच्याभोवती मांदर घुमतो आणि पंथीची पावलं पडतात. हे नाटक पहिल्यांदा, अजून कच्चं असताना, ‘चोर चोर’ या नावाने भिलाईच्या मैदानात झालं, ते सतनामींच्याच मेळाव्यात. मला यातलं तेव्हा काही ठाऊक नव्हतं. मी एवढंच पाहिलं की मघाशी हसणारी काकी हात जोडून बसली आहे आणि तिच्या आजूबाजूच्या बायका गाण्याचा ठेका धरून डुलताहेत. आम्ही खुर्च्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्या नाहीत. देवाचं झाल्यावर कोण टाळ्या वाजवतं?

घरी येताना मी काकीला विचारलं, “राणीला हो म्हणायचं ना त्याने. खोटं कुठे बोलायचं होतं? नुसतं गप्प तर बसायचं होतं.”

काकी म्हणाली, “चुप रहना घलो तो लबारी ए, नोनी.” गप्प राहणं हीसुद्धा लबारीच की. मी लबारीला आमची लबाडी समजले. मुलं शेंगदाणे चोरतात, पत्ते लपवतात, ती. मराठीत हा शब्द लाडिक होऊन बसलाय. लबाड म्हणताना आपण गालगुच्चासुद्धा घेतो. छत्तीसगढीत लबारी म्हणजे सरळ खोटं, आणि लबरा म्हणजे ज्याच्या शब्दावर गावात कुणी उधार देणार नाही असा माणूस.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रायपूरचा मे महिना, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. घरात सगळे झोपलेले. मी पडवीत ‘किशोर’ वाचत पडले होते. काकी अंगणात चिंच सोलत होती. तिने पाणी मागितलं. मला उठायचा कंटाळा आला. मी म्हटलं, “माठातून घे ना. कोण बघतंय?” ती थोडी थांबली. मग उठली, माठावरचं झाकण काढलं, ओगराळ्याने पाणी घेतलं आणि प्यायली. परत येऊन चिंच सोलायला लागली.

आजीने उठल्यावर ओलं ओगराळं पाहिलं. झाकण तिरकं पाहिलं. “माठाला कुणी हात लावला?”

मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

“मोर ले छुवा गे, दाई,” काकी म्हणाली. माझ्याकडून शिवला गेला. माझं नाव तिने घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. आजी फार ओरडली असंही नाही, तेवढ्यावरून फार ओरडायची गरज तिला वाटत नसे. माठ मागच्या अंगणात नेऊन फोडला गेला. खापऱ्या काकीनेच गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा माठ आला, आणि काकीचा पेला कोनाड्यात होता तिथेच होता.

हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

टीव्ही आमच्या गल्लीत तसा लवकर आला. देशातल्या पुष्कळ मोठ्या शहरांच्या आधी रायपूरच्या आसपासच्या खेड्यांनी टीव्ही पाहिला होता. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवायचा ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला, त्यात रायपूरची बाजू होती. काकीच्या भावाच्या गावात शाळेच्या ओट्यावर तो संच ठेवत. खतांची माहिती संपून गाणं कधी लागतं याची वाट बघत गाव बसायचं, असं ती सांगे. पुढे आमच्या घरी संच आल्यावर एका रविवारी त्यावर श्याम बेनेगलांचा ‘चरनदास चोर’ लागला. १९७५चा, बाल चित्रपट संस्थेसाठी केलेला, कृष्णधवल. कॅमेरा गोविंद निहलानींचा. चोर झालेला लालूराम नाचातला, धोबी झालेला मदनलालही नाचातला. राणीच्या कामाला मात्र मुंबईची स्मिता पाटील, तेव्हा अगदी नवी.

आम्ही दिवाणखान्यात, काकी दाराशी. आई पहिल्याच दृश्यापासून “स्मिता कधी येते” म्हणून वाट बघत होती. मुंबई दूरदर्शनला मराठी बातम्या देणारी, आपली मुलगी! ती आली तशी आईने साडी बघितली, नाक बघितलं, बाबांनी उच्चार बघितले. काकी राणीला बघतच नव्हती. तिला मागचं दिसत होतं. धानाचे बांध, तळं, डोक्यावर ओझं घेऊन कडेने जाणाऱ्या बायका. “ए दे, हमर कोती के ए,” हे बघ, आमच्याकडचं आहे, असं ती पुटपुटत होती. एकाच पेटीत आम्ही आपापलं माणूस शोधत होतो, आणि दोघांनाही ते सापडलं. मैदानात नट तिच्याकडे वळला होता तसा पडद्यावरचा वळणार नव्हता, कॅमेऱ्याने कुठे बघायचं ते आधीच ठरवून ठेवलेलं. तरी तिने तो जिथे बघत नव्हता तिथे बघून घेतलं. सिनेमाच्या अभ्यासात मी पुढे बरंच काही वाचलं, चौकटीचा कोपरा बघायला मात्र मला दाराशी बसलेल्या त्या बाईने शिकवलं.

१९८२ साली हेच नाटक एडिंबराला गेलं आणि तिथे फ्रिंज फर्स्ट पुरस्कार घेऊन आलं. छत्तीसगढीचा एक शब्द न कळणाऱ्या लोकांनी ते डोक्यावर घेतलं. त्या बातमीचं कात्रण बाबांनी काढून ठेवलं, आणि तेव्हापासून आलेल्या-गेलेल्याला ‘आम्ही तो प्रयोग पहिल्या रांगेतून पाहिला’ असं सांगायला सुरुवात केली. पाठ केल्याचा उल्लेख त्यात नसे.

काकी १९९० नंतर गावी गेली ती तिकडेच राहिली. मी बँकेत लागले, बदल्यांवर फिरले. छत्तीसगढ वेगळं राज्य झालं तेव्हा परत रायपूरला आले, तोवर ती गेली होती. तिचा नातू शिक्षक झाला होता. आमच्याच शाखेत त्याचं खातं होतं, त्यामुळे भेटी होत राहिल्या. मला दीदी म्हणतो.

२००९च्या जूनमध्ये हबीबसाहेब गेले. दोनच महिन्यांनी राज्य शासनाने ‘चरनदास चोर’ या पुस्तकावर बंदी घातली. सतनामी समाजातून आक्षेप आला होता, पुस्तकात गुरू घासीदासांविषयी जे छापलं आहे त्यावर. मला धक्का बसला. बंदी आपल्या भागाला नवी नाही. मराठी घरात जन्मून हिंदीत लिहिणारे मुक्तिबोध शेजारी राजनांदगावला शिकवत असताना १९६२ साली त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकावरही बंदी आली होती. पण ‘चरनदास’वर? जे नाटक सतनामींच्या मैदानात पहिल्यांदा उभं राहिलं, त्यावर? आपलंच म्हणणं पुढे न्यायला मी काकीच्या नातवाला फोन केला. तो माझ्याच बाजूचा असेल याविषयी मला शंकाच नव्हती.

तो म्हणाला, “दीदी, तुम्ही नाटक बघायला गेला होतात. आमची माणसं गुरूचं नाव ऐकायला गेली होती. मैदानात गाणं झालं, ते आमचं होतं. आता शाळेत मुलाच्या हातात पुस्तक येतं, त्यात छापलेलं असतं, आणि गुरुजी विचारतात, चोर आणि तुमचे गुरू यांचा काय संबंध? वर्गातली बाकीची मुलं हसतात. ते कसलं हसणं असतं, तुम्हाला ठाऊक आहे?”

मी म्हटलं, म्हणून पुस्तक बंद करायचं? तो म्हणाला, बंद करा असं मी म्हटलं नाही. पण बंद केलं याचं दुःख मला तुमच्याइतकं नाही. आम्ही बराच वेळ बोललो. बंदी चूक होती असं मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. पुस्तकाला उत्तर पुस्तकाने द्यावं. पण मैदानात डाव्या बाजूने उठलेला हशा आणि वर्गात उठलेला हशा यांत फरक आहे, हे माझ्या डोक्यात त्याआधी कधी आलंच नव्हतं. नट वळला होता तो पहिल्या हशाकडे. छापलेलं पान कुणाकडे वळत नाही.

बोलता बोलता तो हसला. म्हणाला, “आजी आम्हाला चरनदासची गोष्ट सांगायची ना, त्यात मालगुजार म्हणजे तुमचे आजोबा असायचे. चरनदासने तुमच्याच कोठीतलं धान वाटलं, असं आम्ही कितीतरी वर्षं खरं मानत होतो. कोठी होती का हो खरंच?”

“होती,” मी म्हटलं. “सागवानी दार होतं. बाहेरून कुलूप.”

“आणि मग शेवटी ती स्वतःचं सांगायची. म्हणायची, चरनदासने सोन्याचं ताट चोरलं, मी मालगुजाराच्या घरचं पाणी चोरलं. भर दुपारी, सगळे झोपलेले. गपचूप उठले, माठ उघडला, पोटभर प्यायले. म्हातारीने विचारलं तर तोंडावर सांगितलं, हो, मीच प्यायले. दरवेळी हे सांगताना उठून उभी राहायची.”

माझ्या हातात फोन तसाच होता. तिथे पडवीत एक मुलगी पडलेली होती, पुस्तक वाचत, हे त्याच्या गोष्टीत नव्हतं. ‘घे ना, कोण बघतंय’ हेही नव्हतं. ते मी सांगितलं असतं तर माझी बाजू मोकळी झाली असती. आणि काकीची चोरी गेली असती. कुणीतरी दिलेलं पाणी ती प्यायली, एवढंच राहिलं असतं. तिने आयुष्यभर उभं राहून सांगितलेला प्रसंग मी बसल्या जागी खोटा ठरवणार होते, तोही खरं बोलण्याच्या नावाखाली.

तो “हॅलो, दीदी?” म्हणत होता.

“हो,” मी म्हटलं, “माठ फोडला होता. मला आठवतंय.”

त्याला मराठी वाचता येत नाही. पण हे जिथे छापून येणार आहे तिथे शेजारचीच पानं हिंदी असतात, आणि इकडचं तिकडे अनुवाद होऊन जातं. शिवाय तो या मासिकाचा वर्गणीदार आहे. वर्गणीचा फॉर्म मीच भरून दिला होता.